वाळवणघरातलं नाक

मावशींनी केळ्याची चकती बोटांत धरली, डोळे मिटले आणि श्वास आत ओढला. भोवती उभ्या असलेल्या बायकांनी आपापला श्वास रोखला. नेहमी असंच व्हायचं. मावशींच्या त्या एका श्वासाला वाळवणघरात जो मान होता, तो भल्याभल्यांच्या भाषणालाही मिळत नाही. श्वास आत गेला, थोडा थांबला, सावकाश बाहेर आला. मग मावशींनी डोळे उघडले आणि नेहमीच्या शांत आवाजात म्हणाल्या, "चांगलं आहे. अजून एक दुपार राहू द्या, मग भरा."

बायका हलल्या. ट्रे सरकवल्याचे आवाज सुरू झाले. मावशींची धाकटी जाऊ, जिने ती चकती त्यांच्या हातात दिली होती, तिने इतका मोठा सुस्कारा सोडला की शेजारणीने वळून पाहिलं.

तेवढ्यात मागून एक बारीक आवाज आला. "मावशी, मला जरा आंबूस वाटतंय."

बोलणारी होती भाजीवाल्यांची सून. गटात नवीनच आलेली, अजून एप्रनची गाठ मारतानाही कोणाची तरी परवानगी घेतल्यासारखी इकडेतिकडे बघणारी. सगळ्या तिच्याकडे वळल्या तशी ती आणखी गडबडली. "म्हणजे, आमचे मामंजी लग्नाला जाऊन आले की दारातून कसा वास येतो, तसा थोडासा."

हशा पिकला. "अगं बाई, मामंजींना कशाला आणतेस वाळवणात?" असं कोणी तरी म्हणालं. धाकटीने मात्र डोळे बारीक केले. "काल आली आणि आज मावशींना वास शिकवायला लागली."

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी दुसरी चकती उचलली आणि पुन्हा तोच श्वास, तेच थांबणं. "पिकलेल्या केळ्याच्या गोडाला मागून तसा जरा वास असतोच. ते पिकलेपण आहे. आंबणं वेगळं."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात कितीदा तरी म्हटलं होतं, आणि दर वेळी ते खरं होतं. नव्या सुनेने हातातली चकती पुन्हा नाकाशी नेली, थोडा वेळ धरली आणि मान डोलावली. "हो. तसंच असेल. आता नाही वाटत."

मावशींच्या पाठीवरून घामाची धार उतरली, आणि ती काही तिथल्या उकाड्याची नव्हती. कारण मावशींना कसलाच वास आला नव्हता. चकतीचा नाही, ट्रेचा नाही, शेजारणीच्या केसातल्या तेलाचा नाही. हिवाळ्यातल्या तापातून उठल्यापासून जगातल्या कुठल्याच गोष्टीचा वास त्यांना आला नव्हता, आणि ही गोष्ट त्यांच्याखेरीज कोणालाही ठाऊक नव्हती.

या नाकाची कीर्ती मात्र फार जुनी. मावशींची आई दुकानदारांचा माल गच्चीवर वाळवून द्यायची. आलं, मिरच्या, फळांच्या फोडी, जे येईल ते. पाखरं हाकायला म्हणून लहानपणी मावशींना काठी देऊन बसवलेलं असायचं, पण काठीपेक्षा नाकच जास्त चालायचं. जिन्याच्या तळाशी उभी राहून ही पोर सांगायची, आई, उजव्या कोपऱ्यातलं आलं उलटं कर, त्याला खालून ओल धरलीय. लग्न होऊन सासरी आली आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या देखत म्हणाली, त्या फळीवरच्या मागच्या डब्यात काहीतरी बुरसतंय. सासूबाईंनी नाक मुरडलं, मग डबा उघडला, आणि मग गप्प बसल्या. पुढे आल्यागेल्याला सांगायच्या, सून आणलीय की पोलिसांचं कुत्रं, कळत नाही. पण सांगताना चेहरा असा, की जणू ते कुत्रं त्यांनीच शिकवून तयार केलंय. काकांची, म्हणजे मावशींच्या नवऱ्याची, तक्रार निराळी. "मी बाहेर काय खाऊन आलो, कोणाच्या शेजारी बसलो, हिला दारातच कळतं. मला आयुष्यात काही लपवायला जागाच मिळाली नाही."

काय दिवस होते ते. दुपारभर गच्च्यांवर पसरलेल्या चादरी, कोपऱ्यांवर ठेवलेले दगड, आणि कुठे ढगाची कड दिसली की एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जाणारी हाक. मग पळापळ, गुंडाळागुंडाळ, झाका, आत न्या. त्या पळापळीत हात आपोआप शिकले. डोकं काही म्हणायच्या आत चादर ओढायला शिकले.

आता गच्च्या गेल्या होत्या. गावाच्या कडेला, जुन्या गोदामामागच्या मोकळ्या जागेत बायकांच्या गटाने हे वाळवणघर उभं केलं होतं. लोखंडी पाइपांच्या कमानी, त्यांवर प्लास्टिकचा पारदर्शक जाड पत्रा, खाली काळी रंगवलेली सिमेंटची जमीन, आणि मधे रांगांनी लावलेले जाळीचे ट्रे. एका टोकाला जमिनीलगत झडपा, दुसऱ्या टोकाला वर पंखे. पंख्यांना वीज बाहेर उभ्या केलेल्या सोलर पॅनेलची. ऊन चढलं की पंखे आपणहून जोरात फिरायचे, ऊन उतरलं की तेही आळसावायचे. आत तापलेली दमट हवा पंखे बाहेर ओढून टाकत आणि झडपांतून कोरडी हवा आत येई. न धूळ, न माशी, न पाखरू. गटाच्या प्रमुख शिवणवाल्या ताई प्रत्येक नवीन बाईला एकच गोष्ट बजावायच्या, "ऊन नुसतं तापवतं. वाळवतो तो वारा. तेव्हा झडपांना हात लावायच्या आधी मला विचारायचं."

ताईंचं डोकं कात्रीसारखं. कुठे किती कापायचं, कुठे जोडायचं, बरोबर कळायचं त्यांना. पण माल तयार झाला की नाही, चांगला की बिघडलेला, हे सांगायची वेळ आली की त्या स्वतः बाजूला व्हायच्या. "नाक आहे ना आपलं," असं म्हणून मावशींना पुढे करायच्या. गटाला पहिलं मोठं काम मिळालं ते दूरच्या वसतिगृहांतल्या मुलांच्या खाऊचं. केळ्याच्या चकत्या. लहान मुलांच्या तोंडी जाणार म्हणून बाकीच्या बायका बिचकल्या, तेव्हाही ताई हेच म्हणाल्या होत्या.

आणि ते नाक गेलं होतं. ताप उतरला, खोकला थांबला, मावशींनी पहिला चहा तोंडाला लावला तर नुसतं गरम पाणी. वाटलं, येईल परत. घरात कोणी नसताना त्यांनी एकेक डबा उघडून पाहिला. लसूण, साबण, रॉकेल, कपाटातल्या डांबरगोळ्या. काही नाही. जणू कोणी जगावर काच लावून टाकली होती. घसा दाखवायचाय असं काकांना सांगून डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, कधी कधी येतो परत, कधी कधी नाही येत. एवढं तर मावशींनाही सुचलं असतं.

सांगायचं कोणाला, आणि सांगून उरायचं काय? गुडघे धरलेले, त्यामुळे ट्रे उचलणं बंद. हिशेब येत नाही. बोलणं बेताचं. नाक वजा केलं तर वाळवणघरात मावशी म्हणजे सावलीत बसलेली एक म्हातारी. म्हणून त्या बोटांनी भागवू लागल्या. चकती वाकवली की मऊ चामड्यासारखी वाकली पाहिजे, मोडता कामा नये, बोटाला चिकटता कामा नये. रंग बघायचा. आजूबाजूच्या तोंडांकडे बघायचं, कोणाची नाकपुडी हलतेय का ते. आणि मग तो श्वास. आतून रिकामा, वरून पहिल्यासारखाच. इतका हुबेहूब की कधी कधी त्यांना स्वतःलाच वाटायचं, आता येईल वास, आत्ता येईल.

आजवर निभावलं होतं. पण आज पहिल्यांदा समोर दुसरं नाक उभं राहिलं, आणि मावशींच्या एका वाक्याने ते विझलं. नव्या सुनेचा चेहरा बदलताना त्यांनी पाहिला होता. आधी तिला वास येत होता. मग येईनासा झाला. मावशींना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन कडक पडलं. पंखे भिरभिरले, चकत्या वरून छान कोरड्या झाल्या, वाकवून पाहिल्या तर वाकल्या. संध्याकाळच्या आत सगळा माल झाकणाच्या डब्यांत भरून झाला. टेंपो उद्या सकाळी येणार होता.

दोघी जावांची घरं एकाच अंगणात, समोरासमोर. संध्याकाळी धाकटी दोरीवरचे कपडे काढायला अंगणात आली ती मावशींच्या दारातच टेकली. तिचा जीव हलका झाला होता, आणि जीव हलका झाला की ती बोलायची.

"जाऊबाई, तुम्ही काल चांगलं आहे म्हणालात ना, तेव्हा मी वाचले."

"का गं? तुला काय झालं होतं?"

"कोणाला सांगू नका. ताईंना तर अजिबात नको. परवा ते मळभ आलं होतं ना, दुपारी मी एकटीच होते तिथे. आभाळ असं काळं झालं की माझे हात काही थांबेनात. झडपा लावून घेतल्या. ट्रेंवर चादरी टाकल्या. आणि माल वाचवला म्हणून खुशीत घरी आले."

मावशी तिच्याकडे नीट वळून बसल्या.

"सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन बघते तर वरच्या पत्र्याला आतून पाण्याचे थेंब लोंबतायत. चादरी दमट. पंखे तर मळभात फिरलेच नसणार. पटापट सगळं उघडलं, पुसलं, आणि तुमच्या हातात चकती दिली. म्हटलं, आता तुमचं नाक काय म्हणेल ते." धाकटी हसली. "ती नवी आंबूस आंबूस करायला लागली तेव्हा वाटलं, हिच्या तोंडावर ट्रे मारावा."

बोलता बोलता तिने मान वर केली. "जाऊबाई, दूध."

मावशी उठेपर्यंत धाकटी आत धावली होती. पातेल्याचा तळ काळा झाला होता, खिडकीतून धूर बाहेर जात होता. धाकटीने गॅस बंद केला, फडक्याने पातेलं उतरवलं आणि खो-खो हसत म्हणाली, "तुमच्या नाकासमोर दूध जळलं? उद्या सूर्य इकडून उगवायचा."

"तुझ्या बोलण्यात लक्ष होतं माझं," मावशी म्हणाल्या.

ती गेल्यावर मावशी ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. थेंब, चादरी, बंद झडपा. एवढं ऐकल्यावर वास घ्यायची गरजच नव्हती. गच्चीवर सुद्धा ढिगाने झाकून ठेवलेलं फळ एका रात्रीत आंबतं, हे त्यांना पाळण्यात असल्यापासून माहीत होतं. पण कदाचित नसेलही बिघडलं. कदाचित नव्या सुनेला उगाच वाटलं असेल. माणूस आशेला किती चिकटतो, ओल्या चकतीसारखा.

प्रत्येक खेपेतला मूठभर माल घरी आणून ठेवायची त्यांना सवय होती. तो त्यांनी काचेच्या बरणीत घातला, झाकण घट्ट लावलं, आणि सकाळी ऊन खिडकीत आलं तशी बरणी उन्हात ठेवली. काका दाढी करत होते. "हे काय आता?" म्हणाले. मावशी तिथेच टेकल्या. त्या बरणीकडे बघत राहिल्या. काच आधी स्वच्छ होती. मग ती किंचित धुरकट झाली. मग झाकणाखाली एक बारीक थेंब धरला, त्याला दुसरा मिळाला, आणि दोन्ही मिळून काचेवरून घसरत खाली आले.

मावशींनी एप्रन बांधलं, चपला पायात अडकवल्या आणि बरणी घेऊन निघाल्या. गुडघ्यांनी वाटेत दोनदा बजावून पाहिलं, त्यांनी ऐकलं नाही.

गोदामासमोर टेंपो उभा होता, मागचं फाळकं खाली. बायका रांगेत उभ्या राहून हातोहात डबे पुढे देत होत्या. टेंपोवाला वर उभा राहून ते रचत होता आणि तोंडाने घाई करत होता. "ताई, जरा आटपा. मला पुढे बाजारात जायचंय, तिथले लोक तुमच्यासारखे गोड बोलत नाहीत."

"थांबा," मावशी म्हणाल्या. "डबे खाली घ्या."

शिवणवाल्या ताईंनी बरणी हातात घेतली, उजेडात धरली. त्यांना सांगावं लागलं नाही. "आत ओल आहे. वरून वाळलंय, आतून नाही." त्यांनी एक मोठा श्वास घेतला. "बरं झालं, आत्ता कळलं. घाबरायचं काही नाही. सगळं परत ट्रेवर पसरू, चांगलं ऊन आहे. परवा पाठवू. वास तर चांगला आहे, ते तुम्ही पाहिलंच आहे."

समोर सुटकेचं दार सताड उघडं होतं. नुसती मान डोलवायची, बस. चकत्या परत वाळल्या असत्या, खडखडीत. आंबलेलं फळ वाळवलं तर ते आंबलेलं वाळलेलं फळ होतं, एवढाच फरक. कुठल्याशा दूरच्या वसतिगृहात कोणी पोर तोंड वेडंवाकडं करून ती चकती गिळेल, कोणाच्या पोटात दुखेल, आणि कोणी तरी म्हणेल, केळीच तशी असतील. इकडे मावशी मात्र मावशीच राहतील.

रांगेतल्या बायका वाट बघत उभ्या होत्या. नवी सून पण.

"मी वास पाहिलेला नाही," मावशी म्हणाल्या. "माझं नाक गेलंय. ताप आला होता ना, तेव्हापासून. मला कशाचाच वास येत नाही. परवा मी नुसतं नाटक केलं."

मग ताई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "सर्दी असेल मावशी. माझंही नाक चोंदतं कधी कधी."

"सर्दी नाही."

"अहो, तुमचं नाक कसं जाईल?" रांगेतली एकजण म्हणाली, आणि ते तिने अशा काही खात्रीने म्हटलं, की जणू गावातलं घंटाघर चोरीला गेलंय असं कोणी तिला सांगितलं होतं.

तेवढ्यात धाकटी पुढे आली. तिचा चेहरा लाल झाला होता. "काल संध्याकाळपर्यंत होतं नाक. काल मी तुमच्याजवळ मन मोकळं केलं आणि आज सकाळी नाक गेलं. माझ्या गळ्यात बांधायचंय तर सरळ बांधा, जाऊबाई. नाकाला कशाला मधे घालता?"

"काय मन मोकळं केलंस?" ताईंनी विचारलं.

धाकटीच्या लक्षात आलं, पण उशिरा. "काही नाही. झडपा लावल्या होत्या मी त्या मळभाच्या दिवशी. चादरी पण टाकल्या होत्या. चुकलं माझं. पण मावशींनी वास घेऊन चांगलं आहे म्हटलं, सगळ्यांनी ऐकलं. तेव्हा चांगलं होतं आणि आता माझं नाव निघालं तर नाक नाही?"

"तुझं नाव मी काढलं नाही," मावशी म्हणाल्या.

"मग नाक गेलं हे पटवा की."

हे मात्र रास्त होतं. पाय मोडला तर दाखवता येतो, डोळा गेला तर दाखवता येतो. नसलेलं नाक दाखवायचं कसं? मावशींनी क्षणभर विचार केला आणि त्या वाळवणघराच्या मागे चालू लागल्या. बायका त्यांच्या मागे. टेंपोवाला फाळक्यावरून उतरून सगळ्यांच्या मागे.

तिथे सालांचा पिंप होता. केळ्याची सालं, डागाळलेली फळं, सगळं त्यात जायचं, आणि खतवाला न फिरकल्यामुळे ते कितीतरी दिवस तसंच होतं. त्या कोपऱ्यात कोणी फिरकत नसे. पिंपापासून चार हातांवर बायका आपोआप थांबल्या, रुमाल नाकाला गेले. मावशी पुढे गेल्या. झाकण काढलं. आतून माश्यांचा एक काळा ढग वर उठला. कोणी तरी मागे उमासली.

मावशी वाकल्या. पिंपाच्या तोंडाशी तोंड नेलं, डोळे मिटले आणि श्वास आत ओढला. तोच श्वास. लांब, सावकाश, छाती भरून. आत गेला, थांबला, बाहेर आला. आणि पुन्हा एकदा. बायका बघत होत्या. इतकी वर्षं त्यांनी हा श्वास पाहिला होता, आणि त्याच्या शेवटी काहीतरी कळायचं. आज मावशींनी डोळे उघडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. शिसारी नाही, अंग शहारणं नाही. कोऱ्या पाटीसारखा चेहरा.

"बघितलंत?" त्या म्हणाल्या, आणि तिसऱ्यांदा वाकायला लागल्या.

धाकटीने त्यांना दंडाला धरून मागे ओढलं. "पुरे. झाकण लावा ते." मग हळूच, फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाली, "म्हणून काल दूध जळलं."

मावशींनी मान डोलावली.

"मला तरी सांगायचं होतंत." पण आवाजात आता ती धार नव्हती.

सगळ्या परत टेंपोजवळ आल्या. ताईंनी स्वतः पहिल्या डब्याचं झाकण काढलं आणि नव्या सुनेला बोलावलं. "परवा तूच म्हणाली होतीस. घे वास."

नवी सून वाकली. वास घेतला. आणि मान वर करून पहिली नजर टाकली ती मावशींच्या चेहऱ्याकडे. तिच्या पाठोपाठ ताईंनीही तिकडेच पाहिलं, आणि रांगेतल्या साऱ्याजणींनी. आत्ता डोळ्यांदेखत बघूनसुद्धा. सवय अशी असते.

मावशींनी त्यांच्याकडे पाठ केली. गोदामाच्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "माझ्या तोंडावर काही लिहिलेलं नाही. डब्याकडे बघा."

भिंतीवर जुन्या चुन्याचे पोपडे होते. मावशी त्यांच्याकडे बघत कान देऊन उभ्या राहिल्या. कोणी तरी हुंगल्याचा आवाज. झाकण. पुन्हा हुंगणं. इतकं शांत, की पंख्यांची घरघर एवढ्या लांबून ऐकू येत होती. त्यांना मनातून वाटत होतं की आंबलेलं नसावं. आणि त्याच वेळी वाटत होतं, की आंबलेलं नसेल तर आपण हे सगळं कशासाठी केलं. दोन्ही एकाच छातीत मावत नव्हतं.

"आंबलंय," नव्या सुनेचा आवाज आला. कापरा, पण आला.

"मला नाही एवढं वाटत," दुसरी म्हणाली.

"तो डबा घे. नाही, तो नाही, मागचा. आता?"

"हो गं. आहे. याला आहे."

"याला नाही."

"याला आहे."

"याला थोडा."

"थोडा म्हणजे आहे," ताई म्हणाल्या.

टेंपोवाला खाकरला. "ताई, मी बोलू का? मला तर मघाशी फाळकं पाडलं तेव्हाच वास आला. म्हटलं बायका काहीतरी औषधी बनवत असतील, आपल्याला काय करायचंय. आमच्याकडे याला दुसरं नाव आहे, पण इथे बोलत नाही."

कोणाला हसू आलं नाही. मग आलं, आणि मग ते थांबेना. ताईसुद्धा डब्यावर हात टेकून हसत होत्या. मावशी भिंतीकडे तोंड करून तशाच उभ्या होत्या.

पंख्यांकडच्या टोकाचे ट्रे धाकटीच्या चादरींमधून सुटले होते. त्यातल्या चकत्यांचे डबे सगळ्यांच्या नाकांनी, टेंपोवाल्याच्याही, निर्मळ ठरवले. तरी ताईंनी ते पाठवले नाहीत. ओल असेल, पुन्हा वाळवू, म्हणाल्या. बाकीचे डबे टाकायचे ठरले. ताईंनी बाजूला जाऊन वसतिगृहाला फोन लावला. त्या काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, पण बोलताना ताठ उभ्या होत्या. टेंपो रिकामा गेला. जाताना टेंपोवाल्याने एक डबा मागून पाहिला, कशासाठी ते सांगितलं नाही. ताईंनी दिला नाही.

मग राहिलं ते काम. डबे उपसायचे, आंबलेला माल मागे नेऊन टाकायचा, ट्रे आणि चादरी घासायच्या. ऊन चढलं होतं आणि उघडलेल्या डब्यांतून आता जो काही भपकारा येत असेल, तो बायकांच्या चेहऱ्यांवर वाचता येत होता. कोणी पुढे होईना. ताई धाकटीकडे बघत होत्या आणि धाकटी जमिनीकडे.

मावशींनी एप्रन सोडायला घेतलं होतं. गाठ अर्धी सुटली होती. त्या घरी निघाल्या होत्या, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. त्यांनी त्या डब्यांकडे पाहिलं, रुमाल धरलेल्या तोंडांकडे पाहिलं, आणि गाठ पुन्हा मारली.

"सरका," त्या म्हणाल्या. "मला काय त्याचं? मी करते."

"गुडघे?" धाकटीने विचारलं.

"बसून करीन. तू डबे माझ्यापर्यंत आण, एवढं तरी कर."

धाकटीने डबे आणले. मावशी पाटावर बसल्या आणि हाताने चकत्या उपसून घमेल्यात टाकू लागल्या, जणू तांदूळ निवडतायत. बाकीच्या लांब उभ्या राहून ट्रे धुऊ लागल्या. नवी सून जवळच घुटमळत होती, एका हाताने रुमाल धरून.

"इकडे ये," मावशी म्हणाल्या. "रुमाल काढ."

तिने काढला. डोळ्यांत पाणी आलं.

"हा वास कसा आहे, सांग."

"घाण आहे."

"घाण सगळेच असतात. कसा आहे? आधी गोड लागतो आणि मग आंबट, की आंबट आधी?"

नवी सून वाकली. या वेळी तिने मावशींच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, डोळेच मिटून घेतले. मावशी हात घमेल्यात तसेच ठेवून थांबल्या.

"आंबट आधी," ती म्हणाली. "गोड मागून. आणि शेवटी काहीतरी तिखटासारखं, घशात."

मावशींनी ते ऐकून घेतलं. घशात काही होतंय का, ते बघत त्यांनी आवंढा गिळला. काही झालं नाही.

"मग याच्या शेजारचा डबा उघड," त्या म्हणाल्या. "त्याचा सांग."